आडवं असेपर्यंत सगळं नॉर्मल

प्रिय दादा,

तुझ्या पायांना नमस्कार. (ते नेहमीच सोयीच्या उंचीवर असतात. तुझ्या लोळण्याचा आम्हा धाकट्यांना झालेला हा एकमेव फायदा.) तब्येत कशी आहे असं तुला विचारायची आपल्याकडे पद्धत नाही, कारण उत्तर ठरलेलं असतं: ‘मस्त! आडवा आहे.’ तरी या खेपेला विचारते. मानेखालची ती गोल उशी बदललीस का? छापखान्याची प्रुफं अजून पोटावर झोपूनच तपासतोस, की चष्म्याचा नंबर वाढल्यापासून कुशीवर आलास? शेजारच्या काकू येता-जाता भाजी आणून देतात का अजून? फोन न करता पत्र लिहिते आहे, कारण फोनवर तू दर दोन वाक्यांमागे एक विनोद करतोस, मी हसते, आणि बोलायचं ते राहून जातं. शिवाय पत्र लोळत वाचता येतं. पत्रास कारण विचारशील तर तसं काही नाही, सहज. आम्ही इकडे सगळे ठीक आहोत. म्हणजे कागदोपत्री ठीक आहोत, आणि त्याचीच हकिगत सांगायची आहे.

तुझी भाची चष्म्याच्या दुकानात लागली, हे तुला माहीत आहे. गिऱ्हाइकाला खुर्चीत बसवून ‘आता खालची ओळ वाचा’ म्हणायचं, काचा बदलून ‘ही बरी की ती?’ विचारायचं, आणि मग काउंटरवर येऊन ‘काका, ही फ्रेम तुम्हाला फार शोभते’ असं बिनदिक्कत खोटं बोलायचं, हे सगळं ती छान करते. (खोटं बोलणं तिच्या बाबांकडून आलं असावं. आपल्या घराण्यात ते कोणाला धड जमत नाही.) तर गेल्या वर्षी तापाने पडली, ताप उतरला, कामावर गेली आणि तेव्हापासून हे सुरू झालं. काउंटरवर उभी राहिली की थोड्या वेळाने छातीत धडधडायला लागतं, हात गार पडतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. एकदा तर गिऱ्हाईक समोर असताना ती काउंटरच्या मागे खाली बसली. ते गृहस्थ वाकून बघायला लागले आणि म्हणाले, ‘अहो, खालच्या कप्प्यातलं नको, मला वरचीच फ्रेम बरी वाटते.’ तिने खालूनच उत्तर दिलं, ‘वरचीच घ्या, खालचा माल पडेल आहे.’ आता अशा मुलीला काही होतंय, हे कोणाला खरं वाटणार? दुकानाचे मालक मात्र सज्जन माणूस. अंधारी येते म्हणजे डोळ्यांचंच असणार, असं म्हणून त्यांनी तिला स्वतः तपासलं आणि चष्मा लावून दिला. आता तिला अंधारी अगदी स्पष्ट दिसते.

मग आमची वरात डॉक्टरांकडे निघाली. वरात म्हणजे ती आणि मी, कारण आमच्या ह्यांचं मत पहिल्या दिवशी पडलं ते अजून उठलेलं नाही: पोरगी सकाळी लवकर उठत नाही, चालत नाही, मोबाईल बघते, दुसरं काय होणार? नेहमीच्या डॉक्टरांनी तिला टेबलावर झोपवलं, छातीला नळी लावली, पोट दाबलं, दंडाला पट्टा गुंडाळून फुगवला आणि म्हणाले, ‘सगळं नॉर्मल आहे. या वयात होतं असं.’ मी विचारलं, कोणत्या वयात? तर म्हणाले, ‘लग्नाच्या.’ घरी आल्यावर मला वाटलं की मी तिथेच काहीतरी बोलायला हवं होतं, आणि मग रात्री डायरीत तीन निरनिराळी उत्तरं लिहिली. तिसरं फारच चांगलं होतं. पण डायरीतल्या उत्तरांना डॉक्टर बांधील नसतात.

डॉक्टरांशी बोलायचं तरी कोणी, हाही एक पेच आहे. ती तेवीस वर्षांची. मी तोंड उघडलं की निम्मे डॉक्टर म्हणतात, ‘पेशंट सज्ञान आहे, तिला बोलू द्या.’ उरलेले निम्मे ती समोर बसलेली असताना मला विचारतात, ‘जेवते का नीट? पाळी वेळेवर येते का?’ जणू मी गाडी गॅरेजला आणली आहे. ती बोलते तेव्हा विनोद करते, आणि मी बोलते तेव्हा फार तपशील देते. विनोद करणारी आजारी नसते आणि तपशील देणारी आई वेडी असते, असं त्यांच्या पुस्तकात कुठेतरी लिहिलेलं असणार. एकदा बाहेर पडल्यावर मी तिला म्हटलं, ‘अगं, तिथे तरी जरा गंभीर चेहरा ठेव.’ ती म्हणाली, ‘आई, मी सज्ञान, तू अज्ञान आणि डॉक्टर विज्ञान. आपली तिघांची भेटच होत नाहीये.’ मला हसू आलं, आणि हसल्याचा राग आला.

हृदयवाले डॉक्टर झाले. तिथे तिला झोपवून छातीला आणि हातापायांना चिमटे आणि तारा लावल्या. मशीनमधून एक लांबलचक कागदाची पट्टी आली, ती डॉक्टरांनी दुकानदार कापड मापतो तशी हातावर मोजली आणि उठून चक्क माझं अभिनंदन केलं. ‘हृदय उत्तम! आता निश्चिंत राहा.’ मी आभार मानले. ती टेबलावरून उतरली, उभी राहून सँडलचा पट्टा लावायला लागली आणि पांढरी पडली. डॉक्टर तोवर पुढच्या पेशंटच्या पट्टीत शिरले होते. मग डोकंवाले झाले, तिथे तर ती एका नळकांड्यात आडवी गेली आणि आडवीच बाहेर आली. रिपोर्ट नॉर्मल. ‘काही निघालं नाही’ हे वाक्य लोक ज्या आनंदाने सांगतात तो आनंद मी वर्षभर ऐकते आहे. मला ते वाक्य आतून माहीत आहे रे. मी पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात तक्रारींना उत्तरं लिहिते ना? दुपारी नळाला धार नसते असं लोक कळवतात, आमचा माणूस सकाळी जाऊन पाहतो, तेव्हा धो धो पाणी असतं, आणि मी लिहिते, ‘प्रत्यक्ष पाहणी केली असता आपल्या तक्रारीत तथ्य आढळून आले नाही.’ चांगलं वाक्य आहे. कोणावर ठपका येत नाही. फक्त माणसाला दुपारी पाणी मिळत नाही.

त्यानंतर मनाचे डॉक्टर. (हे नाव काढल्यावर आमच्या ह्यांना एकदम हुरूप आला. ‘मी म्हणतच होतो!’ ते काय म्हणत होते कोण जाणे, ते तर मोबाईल म्हणत होते.) फार मृदू गृहस्थ. खोलीत मंद दिवा, खिडकीला जाड पडदा आणि एक लांबरुंद मऊ कोच. ‘पाय वर घे, निवांत पड आणि मनात येईल ते बोल,’ असं तिला म्हणाले, आणि मला म्हणाले, ‘आपण बाहेर बसा.’ तासाभराने ती बाहेर आली ती गुलाबासारखी टवटवीत! दादा, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. डॉक्टरही खूश. ‘बघा, मन मोकळं झालं की शरीर साथ देतं. आणि एक सांगू का? तिच्यावर तुमच्या काळजीचा ताण आहे. तुम्ही जरा कमी विचारत जा.’ म्हणजे औषध मला. मी तेही मान्य केलं. खरंच माझाच जाच होत असेल का, असं मी जिना उतरताना प्रत्येक पायरीवर स्वतःला विचारत होते. खाली औषधाच्या दुकानासमोर रांग होती. रांग अर्धी सरकते न सरकते तोच गुलाबाचं फूल फुटपाथवर बसलं, डोकं गुडघ्यात घालून. लोक वळसा घालून जात होते. एक बाई म्हणाली, ‘आजकालच्या मुली! उपाशी राहतात.’ आणि ती खालून म्हणते, ‘आई, पुढच्या वेळी डॉक्टर नसले तरी चालतील गं. कोच पाहिजे.’

आता उभं राहवेनासं झालं की ती स्वयंपाकघरातच जमिनीवर पडते, ढुंगण भिंतीला टेकवून पाय सरळ वर भिंतीवर टाकते आणि तशीच माझ्याशी गप्पा मारते. हे तिला कोणी शिकवलेलं नाही. ओट्याशेजारच्या भिंतीवर तिच्या टाचांचे दोन मळकट डाग पडले आहेत. ह्यांनी ते एकदा ओल्या फडक्याने घासघासून पुसले. (चिडून पुसले की काळजीने, हे मला पंचवीस वर्षांच्या संसारानंतरही सांगता येणार नाही.) दुसऱ्या दिवशी डाग परत तिथेच. मालकांनी दुकानात तिला स्टूल देऊन पाहिलं, पण स्टुलावरून गिऱ्हाइकाच्या नाकापर्यंत हात पोचत नाही. गेल्या महिन्यात ते फार संकोचून म्हणाले, ‘थोडे दिवस घरी आराम कर.’ थोडे म्हणजे किती, ते आम्ही विचारलं नाही. तर त्या संध्याकाळी मी पोळ्या लाटत होते, ती खाली भिंतीला पाय लावून पडली होती, आणि अगदी साध्या आवाजात, मीठ कुठे आहे असं विचारावं तसं तिने विचारलं, ‘आई, मी नाटक करते का गं?’ मी म्हटलं, ‘काहीतरीच काय!’ ती म्हणाली, ‘नाही, खरं सांग. एवढे सगळे शिकलेले लोक म्हणतायत म्हणजे करत असेन. आपल्याला कळतही नसेल, असं असतं ना?’ दादा, मी ‘नाही’ म्हटलं. पण हातातली पोळी तव्यावर टाकून मग म्हटलं. तेवढा उशीर झाला. तेवढ्यात तिने पाय भिंतीवरून काढले आणि कूस बदलली. आजाराला नाव नाही हे मी सोसू शकते. पण नाव नाही म्हणून तिने स्वतःलाच नावं ठेवायला लागावं, हे सोसवत नाही. तिचा स्वतःवरचा विश्वास संपायच्या आत कोणीतरी काहीतरी सांगितलं पाहिजे. वाईट असलं तरी चालेल. (असं लिहिणारी आई कशी असते? मी हे वाक्य दोनदा खोडलं आणि पुन्हा लिहिलं.)

म्हणून मोठे डॉक्टर. इतके मोठे की त्यांच्या दवाखान्यात पेशंट आपापसात बोलतसुद्धा नाहीत. आमचा नंबर आला, आत गेलो, तर तपासायचं टेबल जागेवर नाही! रेक्झिन फाटलं म्हणून ते नवीन कव्हर घालायला पाठवलं होतं. डॉक्टर वैतागले होते, सहाय्यकाला ओरडून झालं होतं. तिला म्हणाले, ‘चल, उभ्या उभ्याच बघून टाकू.’ ती उभी राहिली. त्यांनी दंडाला पट्टा बांधला, बोटाला ते चिमट्याचं यंत्र लावलं आणि तेवढ्यात त्यांना फोन आला. फोन लांबला. ती तशीच उभी. मी यंत्राकडे बघत होते, दुसरं काय बघणार? तिच्या नाडीचा आकडा चढत होता, चढत होता, लिफ्टमध्ये मजल्यांचे आकडे चढतात तसा. फोन ठेवून डॉक्टरांनी पाहिलं आणि यंत्रावर टिचकी मारली. ‘हे पण बिघडलं का? दुसरं आण रे!’ दुसरं आणलं. त्यावरही तोच आकडा. ‘हेही गेलं! काय चाललंय इथे?’ तिचे ओठ पांढरे झाले होते. ते म्हणाले, ‘अशी हलू नकोस गं, म्हणून चुकतंय.’ शेवटी बाहेरच्या बाकावरच्या तीन पेशंटना उठवलं, तिला तिथे सगळ्यांदेखत आडवं केलं, आणि जरा वेळाने तेच पहिलं, बिघडलेलं यंत्र लावलं. झाला आकडा नॉर्मल. ‘बघा! आता नीट चालतंय.’ आणि तो आकडा लिहून घेतला.

मी म्हटलं, ‘डॉक्टर, ती झोपलेली असताना तिला काही होतच नाही. उभी असताना आला तोच आकडा खरा असेल तर?’ जन्मात पहिल्यांदा मी डायरीतलं उत्तर डायरीबाहेर दिलं. ते हसले, अगदी प्रेमाने. ‘ताई, उभ्याने कोणी पेशंट तपासतं का? दोन्ही यंत्रं कशी बिघडली होती ते तुम्हीच पाहिलंत.’ मी म्हटलं, ‘दोन्ही बिघडली आणि दोघांचं एकमत झालं?’ तोवर ती बाकावरून उठून आमच्याजवळ येऊन उभी राहिली होती, मला तिथून न्यायला. ‘आई, चल ना,’ म्हणाली, आणि भिंतीला पाठ घासत हळूहळू खाली बसली. डॉक्टर म्हणाले, ‘बघा, तुमचा आवाज चढला की तिला कसं होतं ते.’ दादा, एवढं शिकून, एवढी वर्षं लोकांना उत्तरं लिहून, मला त्या क्षणी तीच शंका आली जी त्यांना आली होती.

निघताना त्यांनी दारातून, रिवाज म्हणून विचारलं, ‘घरात आणखी कोणाला असा त्रास?’ मी म्हटलं, ‘नाही. आमच्याकडे सगळे ठणठणीत.’

तर असं सगळं आहे, म्हणजे सगळं नॉर्मल आहे. तू काळजी करू नकोस. तुझ्याकडे मोठं कोणी नाही आणि लहानही कोणी नाही, तेव्हा नमस्कार आणि आशीर्वाद दोन्ही तुझे तूच वाटून घे. काकूंना भाजीबद्दल माझे आभार सांग.

तुझी धाकटी बहीण

ता. क. पत्रास कारण नाही असं वर लिहिलं आहे, ते खरं नाही. आपल्या घराण्यात खोटं बोलणं जमत नाही, तेही खरं नाही. डॉक्टरांना मी ‘सगळे ठणठणीत’ म्हटल्यावर पुढे असंही म्हणाले होते, ‘एक भाऊ आहे माझा, पण तो नुसता आळशी आहे.’ ते हसले. मीही हसले. ती हसली नाही. घरी आल्यावर जमिनीवर पडली आणि म्हणाली, ‘आई, मामा पाय कुठे ठेवून झोपतो गं?’

ता. क. २. त्यानंतर मला झोप नाही. आपल्या जुन्या घरी तुझ्या पलंगाशेजारच्या भिंतीवर, उशीपेक्षा बऱ्याच वर, दोन काळे डाग होते, आठवतात? दर वेळी रंग दिला की बाबा म्हणायचे, ‘आडवेबुवांच्या पादुका उमटल्या बघा परत!’ आणि तू उताणा पडूनच आशीर्वादाचा हात वर करायचास. आम्ही हसून हसून लोळायचो. काल मी सगळे फोटो काढून बसले. एकाही फोटोत तू उभा नाहीस. पहिल्या रांगेत पोरांमध्ये मांडी घालून, जिन्याच्या पायरीवर, गाडीच्या बॉनेटवर बसून, बाबांच्या साठीच्या फोटोत तर सरळ सतरंजीवर. शाळेत प्रार्थनेला पडायचास तेव्हा प्रार्थना चुकवतो म्हणून मार खाल्लास. शिक्षकाची नोकरी वर्षभरात सोडलीस, तेव्हा बाबा म्हणाले, ‘फळ्यासमोर उभं राहायचाही कंटाळा! कधी स्वतःच्या पायावर उभा राहणार हा?’ आणि तू म्हणालास, ‘बाबा, दोन पायांवर एवढा भार टाकणं बरं नव्हे.’ काय हसलो होतो आम्ही! तू विनोद केलास की आम्ही विचारायचं थांबायचो. तुला तेच हवं होतं का रे? की तूही कोणालातरी विचारलं होतंस, ‘मी नाटक करतो का?’ आणि उत्तराला उशीर झाला होता?

ता. क. ३. तेव्हा खरं काम हे. डॉक्टरांचं टेबल नवीन रेक्झिन लावून आता आलं असेल. आलं असो वा नसो, तू एकदा इकडे ये. आमच्या पाठीशी उभा राहा असं मी म्हणत नाही, ते वाक्य फार मोठं आहे. नुसता उभा राहा. त्यांच्या खोलीत, तिच्याशेजारी, फोन येऊन संपेपर्यंत. दोघांच्या बोटांना दोन यंत्रं लावू आणि दोन्ही एकदम बिघडतात का ते त्यांना बघू दे. प्रवासात आडवं होता येईल असंच तिकीट काढ. तुझ्या भाचीने भिंतीशी तुझ्यासाठीही जागा करून ठेवली आहे. ह्यांनी परवा गुपचूप तिथे जुनी चादर अंथरली, आणि डाग पुसायचं सोडलं आहे.

ता. क. ४. पण येण्याआधी एक कर, म्हणजे मी उगाच तर म्हणत नाही ना, हे मलाही कळेल. तू हे सगळं लोळत वाचलं आहेस, मला माहीत आहे. आता ऊठ. मागे पलंग असू दे, हात भिंतीला लागेल असा उभा राहा, आणि हे पत्र पहिल्यापासून शेवटपर्यंत पुन्हा एकदा वाच. सावकाश वाच, घाई करू नकोस. मध्ये विनोद आले तर हसू नकोस. या ओळीपर्यंत उभा पोचलास, तर मी खुळी आहे, माझं पत्र टाकून दे आणि परत लोळ. पण हे शेवटचं वाक्य वाचताना तू खाली बसलेला असशील, तर दादा, मिळेल त्या गाडीने ये.